बेळगाव भागात हायब्रिड गाडी घेताय? सरकारी सवलत कुठं मिळते, कुठं नाही

शोरूममध्ये हायब्रिडची विचारणा केली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, हायब्रिडला सरकारची सबसिडी आहे." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ग्राहकाला याच्या जोडीला दुसरंही ऐकायला मिळतं: "कोल्हापूर पासिंग करून देतो, लाखभर वाचतील." पहिलं वाक्य आज जवळजवळ खोटं आहे. दुसरं अर्धं खरं आहे आणि म्हणून जास्त महाग पडतं. हायब्रिडवर जे काही वाचतं ते कागदोपत्री तीन-चार कोपऱ्यांत पडलेलं असतं आणि मागितल्याशिवाय हातात येत नाही.

आधी गाडी कुठल्या जातीची ते ठरवा

"हायब्रिड" ही पट्टी दोन अगदी वेगळ्या गाड्यांवर लावलेली असते. माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्याने फिरणारा एक छोटा स्टार्टर-जनरेटर असतो. तो इंजिनाला जोर लावायला हात देतो, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पटकन चालू करतो. पण निव्वळ विजेवर गाडी हलत नाही. मारुतीची ‘स्मार्ट हायब्रिड’ अर्टिगा किंवा ब्रेझा या गटातली. स्ट्राँग हायब्रिडमध्ये स्वतंत्र मोटर आणि मोठी बॅटरी असते, कमी वेगात गाडी इंजिन बंद ठेवून चालते, ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरची वरची मॉडेलं, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, होंडा सिटी ई:एचईव्ही या गटात मोडतात. यांना चार्जरला लावायचं नसतं, पेट्रोलच भरायचं.

दोन्हींच्या किमतीत काही लाखांचं अंतर असतं, म्हणून कोटेशनवर कुठलं व्हेरिएंट लिहिलंय ते शब्दशः वाचा. ग्रँड व्हिटाराच्या एकाच नावाखाली दोन्ही जाती विकल्या जातात.

जीएसटी: लांबी आणि सीसी बघा, पाटी नको

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचे दर बदलले आणि भरपाई उपकर गेला. आता हिशेब सोपा आहे. पेट्रोल किंवा पेट्रोल-हायब्रिड गाडी १२०० सीसीच्या आत *आणि* ४००० मिलिमीटरच्या आत असेल तर १८ टक्के. डिझेल किंवा डिझेल-हायब्रिडला सीसीची मर्यादा १५००, लांबी तीच. या दोन अटींतली एक जरी मोडली तरी ४० टक्के. विजेच्या गाडीला ५ टक्के.

ब्रेझाचं उदाहरण घ्या. लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे बसते. इंजिन १४६२ सीसी, म्हणजे बसत नाही. दर ४० टक्के. फ्राँक्सचं एक लिटर टर्बो माइल्ड हायब्रिड ९९८ सीसीचं आणि लांबी ३९९५, म्हणून १८ टक्के. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर चार मीटरच्या वर, इंजिन १४९० सीसी: ४० टक्के. हायक्रॉस १९८७ सीसी: ४० टक्के. आजच्या बाजारात ज्या स्ट्राँग हायब्रिडबद्दल लोक विचारतात त्या बहुतेक सगळ्या ४० च्याच खान्यात आहेत.

आता यातली मेख. जुन्या पद्धतीत चार मीटरवरच्या हायब्रिडला उपकरासह ४३ टक्के लागायचे आणि त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला ४५, मोठ्या एसयूव्हीला ५०. म्हणजे हायब्रिड घेणाऱ्याला केंद्राकडून थोडं तरी झुकतं माप होतं. आता दोघेही ४० वर आले. हायब्रिडची किंमत उतरली हे खरं, पण शेजारी उभी असलेली साधी पेट्रोल एसयूव्ही त्याहून जास्त उतरली. "जीएसटी कमी झाला, हायब्रिड घ्या" असं कुणी म्हणालं तर त्या म्हणण्याला तुलनेत काही अर्थ उरलेला नाही.

फेम या केंद्राच्या अनुदान योजनेच्या जुन्या बातम्या अजून मोबाइलवर फिरतात. २०१५ च्या पहिल्या फेममध्ये माइल्ड हायब्रिडलाही पैसे मिळायचे. १ एप्रिल २०१७ पासून ते बंद झाले. दुसरी फेम ३१ मार्च २०२४ ला संपली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये खाजगी मोटारींना, मग ती विजेची असो वा हायब्रिड, खरेदी अनुदान नाही. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. ती बातमीही इथे दाखवली जाते. तिचा केए-२२ शी, म्हणजे बेळगाव पासिंगशी, काही संबंध नाही.

कर्नाटकचा लाइफ टॅक्स: खरा भार इथे

खाजगी मोटारीला कर्नाटकात नोंदणीच्या वेळी एकदाच आयुष्यभराचा कर भरावा लागतो. हायब्रिडला वेगळा खाना नाही, ती पेट्रोल गाडीबरोबरच मोजली जाते. किंमत ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाख १४ टक्के, १० ते २० लाख १७ टक्के, २० लाखांवर १८ टक्के. आलेल्या करावर आणखी ११ टक्के उपकर. लक्षात घ्या, उपकर गाडीच्या किमतीवर नसून करावर आहे. म्हणजे १७ टक्क्यांचे प्रत्यक्षात १८.८७ होतात आणि १८ चे १९.९८.

१८ लाख एक्स-शोरूमची हायब्रिड घ्या. १७ टक्के म्हणजे ३,०६,०००. त्यावर ११ टक्के म्हणजे ३३,६६०. एकूण ३,३९,६६० रुपये, शिवाय नोंदणी शुल्क, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचं शुल्क, नंबरप्लेट वगैरे किरकोळ.

हे टप्पे आयकरासारखे चढत जाणारे नाहीत. मर्यादा ओलांडली की *पूर्ण* किमतीवर वरचा दर बसतो. १९.९० लाखांच्या गाडीला कर आणि उपकर मिळून ३,७५,५१३ रुपये, २०.१० लाखांच्या गाडीला ४,०१,५९८. किमतीत २० हजारांचा फरक, करात २६ हजारांचा. स्ट्राँग हायब्रिडची बरीच व्हेरिएंट नेमकी याच काठावर असतात, म्हणून सनरूफसाठी एक पायरी वर जाण्याआधी ऑन-रोड आकडा बघा. सीट कव्हर, डॅशकॅम, फ्लोअर मॅट अशा वस्तू गाडीच्या इन्व्हॉइसमध्ये घालू देऊ नका, वेगळं बिल घ्या.

विजेच्या गाडीशी तुलना करत असाल तर तिचा खाना निराळा आहे. कर्नाटकने २०१६ पासून त्यांना करमाफी दिली होती आणि २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या गाड्यांवर १० टक्के बसवले. राज्याचे दर अर्थसंकल्पाच्या आसपास बदलतात. म्हणून वाहन पोर्टलवर निघालेला कराचा आकडा बुकिंगच्याच आठवड्यात डीलरकडून छापील घ्या. मागच्या वर्षी गाडी घेतलेल्या मेहुण्याचा आकडा चालणार नाही.

"कोल्हापूर पासिंग" करावं का?

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यावर १३ टक्के. हायब्रिड इथेही पेट्रोलमध्येच. १८ लाखांच्या त्याच गाडीला २,१६,००० रुपये. बेळगावच्या मानाने १,२३,६६० रुपये कमी. मोह होणारच.

पण मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं की तुम्ही जिथे राहता किंवा जिथे तुमचा व्यवसाय आहे आणि गाडी सहसा जिथे ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. टिळकवाडीत घर, शहापुरात दुकान आणि गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) असेल तर ती कधीतरी तपासणीत अडणार. अडल्यावर गाडी बारा महिन्यांच्या आत आली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. फास्टॅगचं स्टेटमेंट, सर्व्हिसिंगची बिलं उलट तुमच्याच विरुद्ध बोलतात: सर्व्हिसिंग बेळगावात, कोगनोळीचा टोल महिन्यात एकदा.

मग काय करावं लागतं तेही बघा. आधी बँकेचं ना-हरकत पत्र, मग कोल्हापूर आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, इकडे येऊन नव्या नंबरसाठी फॉर्म २७, आणि गाडीच्या वयानुसार कर्नाटकचा लाइफ टॅक्स. गाडी दोन वर्षांच्या आतली असेल तर तो जवळजवळ पूर्णच असतो. महाराष्ट्राने घेतलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण आधी इथे भरायचं आणि नंतर तिकडे अर्ज करून वाट बघायची. तोवर १८ लाखांच्या गाडीवर पाच लाखांहून जास्त कर अडकलेला. सव्वा लाख वाचवायला निघालेला माणूस इथे येऊन पोचतो.

चंदगड तालुक्यात शिनोळी, तुडये भागात खरोखर राहणारे आणि उद्यमबागेत रोज कामाला येणारे अनेक जण आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. गाडी रात्री महाराष्ट्रातच उभी राहते, तेव्हा एमएच-०९ हेच बरोबर पासिंग. आधार, वीजबिल, विमा या सगळ्यांवर तोच पत्ता ठेवावा. मुलाच्या शाळेसाठी बेळगावात घर भाड्याने घेतलं आणि गाडी तिथेच राहू लागली तर मात्र बारा महिन्यांचं घड्याळ चालू होतं.

भावाच्या किंवा मामाच्या नावावर चंदगडमध्ये गाडी घेऊन बेळगावात स्वतः वापरायची, ही पळवाट तर आणखी वाईट. मालक तो, विम्याचा दावा त्याच्या नावे, कर्जाचा हप्ता तुमच्या खात्यातून. भांडण झालं किंवा अपघात झाला की कागदावर तुम्ही कुणीच नसता.

बीएच नंबर: पात्र असाल तर हाच खरा फायदा

सप्टेंबर २०२१ पासून बीएच (भारत) मालिका चालू आहे, हा नंबर कुठल्या एका राज्याचा नसतो. सैन्यदलांतले कर्मचारी, केंद्र-राज्य सरकारी आणि सरकारी कंपन्यांचे नोकर, तसंच चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीचे कर्मचारी यांना तो मिळू शकतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ असलेल्या गावात पात्र माणसं कमी नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकांतली मंडळीही यात येतात.

दर असे: १० लाखांपर्यंत ८ टक्के, १० ते २० लाख १० टक्के, त्यावर १२ टक्के, डिझेलला दोन टक्के जास्त. आणि ही किंमत *जीएसटी वगळून* मोजतात. हायब्रिडला ४० टक्के जीएसटी असल्यामुळे इथे मोठा फरक पडतो: १८ लाख एक्स-शोरूमची गाडी बीएचच्या हिशेबात १२.८६ लाखांची ठरते. कर एकदम न भरता दोन वर्षांचा किंवा दोनाच्या पटीत भरता येतो, आणि बदली झाली तरी नंबर बदलत नाही.

कागदात सरकारी नोकराला अधिकृत ओळखपत्र, खाजगी कंपनीच्या माणसाला मालकाने सही केलेला फॉर्म ६० लागतो. अर्ज बहुतेक वेळा फॉर्म ६० वरच अडकतो: सही करणाऱ्याचा हुद्दा नसतो किंवा चार राज्यांतल्या कार्यालयांचे पत्ते अर्धवट असतात. मुदत चुकवली तर दंड चढतो, आणि गाडी पुढे अपात्र माणसाला विकायची झाली तर त्याला राज्याचा नंबर घ्यावा लागतो. म्हणून सेवेची दोन-तीन वर्षंच उरली असतील तर बीएचचा विचार सावकाश करा.

माजी सैनिकांसाठी सीएसडी, म्हणजे लष्करी कँटीनचा मार्गही खुला आहे. कँटीनला भरलेल्या जीएसटीचा अर्धा परतावा मिळतो आणि तो फरक किमतीत दिसतो. हुद्द्यानुसार किमतीची आणि इंजिनाची मर्यादा असते. आपल्याला हवं ते हायब्रिड व्हेरिएंट यादीत आहे का हे कँटीनच्या पोर्टलवर आधी बघा, नंतर शोरूममध्ये जा.

विम्यातली साडेसात टक्क्यांची सूट

ही सूट फारच थोड्यांना माहीत असते. २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे हायब्रिड गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यात ७.५ टक्के सूट आहे. नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याच अधिसूचनेतले दर: १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, १५०० च्या वर २४,५९६. म्हणजे ग्रँड व्हिटारा हायब्रिडसारख्या गाडीला ७९८ रुपये, हायक्रॉसला सुमारे १,८४५ रुपये कमी, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटीही तेवढा कमी.

रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे. डीलरकडच्या विम्याच्या प्रस्तावात इंधनाच्या खान्यात नुसतं "पेट्रोल" टाकलेलं असतं आणि सूट गळून पडते. पॉलिसी काढण्याआधी मसुदा मागवा, इंधन "हायब्रिड" लिहिलंय का आणि थर्ड पार्टीच्या ओळीत आकडा उतरलाय का बघा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन हातात असलं की डीलरचं आपोआप खाली येतं.

आयकर

तीन गोष्टी, त्यातल्या दोन निराशेच्या.

कलम ८०ईईबी खाली कर्जाच्या व्याजावर दीड लाखांची वजावट होती. ती फक्त पूर्णपणे मोटर आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाडीसाठी, आणि १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ दरम्यान मंजूर झालेल्या कर्जासाठी. हायब्रिड त्यात कधीच बसली नाही. बँकांची ‘ग्रीन कार लोन’ही बहुधा विजेच्याच गाडीसाठी असतात, व्याजात सूट सांगितली तर मंजुरीपत्रावर लिहून घ्या.

उद्यमबाग, मच्छे भागातले कारखानदार फर्मच्या नावावर गाडी घेतात ते जीएसटीचं क्रेडिट मिळेल या समजुतीने. १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने ते क्रेडिट अडवलेलं आहे. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांची विक्री हाच धंदा असेल तरच मिळतं. १५ टक्के घसारा मात्र मिळतो, आणि त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा.

तिसरी गोष्ट पैसे परत मिळण्याची. १० लाखांवरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. १८ लाखांवर १८ हजार. लोक तो खर्च समजून विसरून जातात. तो तुमच्याच पॅनवर जमा झालेला कर आहे: रिटर्न भरताना २६एएस या जमा कराच्या पत्रकात तो दिसतो का बघा, करातून वजा करा, कर निघत नसेल तर परतावा मागा. शेतीचं उत्पन्न असल्यामुळे रिटर्नच न भरणारी खानापूर-निपाणीकडची मंडळी इथे पैसे सोडून देतात. पॅन दिला नाही तर टीसीएस एकाऐवजी पाच टक्के कापला जातो. गाडी वडिलांच्या नावावर आणि पॅन मुलाचा असा घोळही नेहमीचा. बिल ज्याच्या नावे, पॅन त्याचाच हवा.

हायब्रिडचा जादा पैसा वसूल होतो का

एवढं झाल्यावर हाही हिशेब मांडा. समजा तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिड तीन लाखांनी महाग आहे. या तीन लाखांवरही १८.८७ टक्के लाइफ टॅक्स बसतो, म्हणजे खरा फरक ३ लाख ५६ हजार. कंपनी २७.९७ किलोमीटरचं मायलेज सांगते ते चाचणीतलं. रस्त्यावर पेट्रोल १५ आणि हायब्रिड २२ धरा, लिटरला शंभर रुपये धरा. हजार किलोमीटरमागे साधारण २,१०० रुपये वाचतात. महिन्याला १,२०० किलोमीटर फिरणाऱ्याला वसुलीला साडेअकरा वर्षांच्या वर लागतील. महिन्याला २,५०० फिरणाऱ्याला साडेपाच-सहा वर्षं.

तुलना करताना ऑटोमॅटिक पेट्रोलशी करा, कारण या स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच येतात. मॅन्युअलशी लावली तर हायब्रिड उगाच महाग दिसते. गणपत गल्ली, खडेबाजारच्या थांबत-चालत रहदारीत आणि चोर्ला घाट उतरताना हायब्रिडचा फायदा सर्वांत जास्त. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर शंभरच्या वेगाने सलग कोल्हापूर गाठलं तर तो बराच घटतो, कारण तिथे इंजिनच चालू असतं. रोज हायवेच असेल तर आमच्या मते फक्त इंधनासाठी हायब्रिड घेऊ नये. हायब्रिड बॅटरीला मारुती-टोयोटा आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, त्यामुळे बॅटरीची भीती वसुलीच्या काळापुरती तरी बाजूला ठेवता येते.

नोंदणीच्या दिवशी

नवी गाडी डीलरच वाहन पोर्टलवर नोंदवतो: बेळगाव आणि खानापूरला केए-२२, निपाणी-चिकोडीला केए-२३, गोकाकला केए-४९. लागतं ते एवढं: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फॉर्म २०, डीलरचं विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२, विमा, कर्ज असल्यास बँकेचं पत्र. आधार, पॅन आणि बँकेच्या कागदावर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच असू द्या. मधलं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर, आडनाव तिसरीकडे आधी, एवढ्यावरून अर्ज परत येतो.

नंबरप्लेट पांढरीच येईल. हिरवी पाटी फक्त बॅटरीवरच्या गाडीला, त्यामुळे एखाद्याने हायब्रिडला हिरवी लावून देतो म्हटलं तर तो तुम्हाला दंडाच्या वाटेवर नेतोय. आरसी हातात आल्यावर तीन खाने तपासा: इंधन, सीसी आणि पत्ता. वाहन पोर्टलवर माइल्डसाठी "पेट्रोल/हायब्रिड" आणि स्ट्राँगसाठी "स्ट्राँग हायब्रिड ईव्ही" असे वेगळे पर्याय आहेत. कर्नाटकाने पुढे स्ट्राँग हायब्रिडला काही दिलं, किंवा विम्याच्या नूतनीकरणात सूट मागायची वेळ आली, तर हाच खाना बघितला जातो. चूक दिसली तर डीलरकडे त्याच आठवड्यात लेखी द्या. फाईल आरटीओत जुनी झाली की दुरुस्तीसाठी तुम्हालाच खेपा माराव्या लागतात.